‘अगदी आपल्यासारखंच!’ : प्रवासवर्णनातील चालीरीती कशा वाचाव्यात?

प्रस्तावना

प्रवासवर्णन वाचताना आपण स्थळवर्णन, शैली, विनोद आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व यांची चर्चा करतो. परक्या लोकांच्या चालीरीती आल्या की मात्र आपली चिकित्सा थांबते. लेखकाने पाहिले आणि सांगितले, तर ते खरेच असणार, असे आपण धरून चालतो. या पाठात आपण नेमका तोच भाग तपासणार आहोत. त्यासाठी बेंगळुरूतील मल्लेश्वरम ही जुनी वस्ती उदाहरण म्हणून घेऊ. जपान किंवा मेक्सिको न घेता मल्लेश्वरम का? कारण मराठी प्रवाशाला ते फार परके वाटत नाही, आणि चूक होण्याची शक्यता तिथेच जास्त असते. जे अगदी वेगळे दिसते त्याविषयी आपण विचारपूस करतो. जे ओळखीचे वाटते त्याविषयी काही विचारायचे आपल्याला सुचत नाही.

एक नमुना परिच्छेद

पुढील परिच्छेद कोणत्याही पुस्तकातील नाही. तो अभ्यासासाठी मुद्दाम रचला आहे, पण असे परिच्छेद तुम्ही अनेकदा वाचले असतील :

“मल्लेश्वरम म्हणजे जुन्या बेंगळुरूचा आत्मा. येथे काळ थांबला आहे. शिवरायांचे बंधू व्यंकोजी यांनी बांधलेल्या काडू मल्लेश्वर मंदिरात आजही त्याच श्रद्धेने पूजा होते. समोरच्या नंदीतीर्थात हजारो वर्षांपासून नंदीच्या मुखातून जलधारा शिवलिंगावर पडते. पहाटे दारोदारी सडा-रांगोळी होते. संक्रांतीला अगदी आपल्यासारखाच तिळगूळ वाटला जातो. परक्या शहरात आपलेच गाव भेटल्याचा आनंद होतो.”

परिच्छेद वाचनीय आहे आणि त्यात दुष्ट हेतू नाही. तरीही त्याला तीन प्रश्न विचारायला हवेत : हे केव्हापासून? हे कोण करते? आणि ‘आपल्यासारखेच’ म्हणजे किती?

पहिला प्रश्न : केव्हापासून?

नमुन्यातील सगळी क्रियापदे नित्य वर्तमानकाळात आहेत : ‘होते’, ‘पडते’, ‘वाटला जातो’. जणू या गोष्टी कधी सुरू झाल्या नाहीत आणि कधी बदलल्याही नाहीत. आता तारखा पाहू.

काडू मल्लेश्वराजवळ 1669 चा शिलालेख आहे. त्यात मल्लपूरच्या देवाला एकोजीने, म्हणजेच व्यंकोजीने, एक गाव दान दिल्याची नोंद आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा त्यामागचा इतिहास. पण दानलेखावरून दाता कळतो. मंदिर कोणी उभारले हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. ‘दान दिले’ याचे ‘बांधले’ होते, आणि ‘बांधले’ याचे ‘आपले’ होते. दोन क्रियापदांच्या अंतरात मालकी बदलते. देवाच्या नावातील ‘काडु’ हा कानडी शब्द आहे आणि त्याचा अर्थ रान. म्हणजे हा रानातला मल्लेश्वर. नावच कानडीत बोलते आहे, पण आपण त्यात मराठी पाटी शोधत राहतो.

दुसरे उदाहरण नंदीतीर्थाचे. मंदिरासमोरच्या या जागेत 1997 मध्ये खोदकाम झाले आणि मातीखालून पायऱ्यांचे कुंड व दगडी नंदी वर आला. कुंड जुने आहे, यात शंका नाही. पण आज तेथे जो भाविक रांगेत उभा आहे, त्याच्या आजोबांनी या जागी दर्शन घेतले नव्हते, कारण तेव्हा ते कुंड गाडलेले होते. ‘हजारो वर्षांपासून’ या शब्दांनी ही सगळी हकिगत पुसून टाकली. खरे तर हकिगतच अधिक रंजक आहे : गाडले गेलेले तीर्थ पुन्हा सापडते, आणि एका पिढीच्या आत त्याची पूजा परिसराच्या दिनक्रमाचा भाग होते.

परंपरेला तारीख असणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे. सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे आपली आरती कमी होत नाही. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी 1983 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात स्कॉटलंडच्या टार्टन कापडासारख्या अनेक ‘प्राचीन’ प्रथांचा अलीकडचा जन्म दाखवला आहे. स्वतःच्या घरच्या प्रथेला इतिहास असतो हे आपण मान्य करतो. दुसऱ्याच्या प्रथेला मात्र आपण फक्त ‘आत्मा’ देतो. हा भेदभाव समीक्षकाने पकडायला हवा.

दुसरा प्रश्न : कोण करते?

‘सडा-रांगोळी होते’ आणि ‘तिळगूळ वाटला जातो’ या वाक्यांत कर्ता शोधा. सापडणार नाही. मराठीतील अशी रचना चालीरीतींच्या वर्णनाला फार सोयीची पडते, कारण तीत काम दिसते आणि काम करणारे हात दिसत नाहीत. पहाटे उंबरठा धुणारी त्या घरची सून आहे की चार घरची कामे करणारी बाई? पूजेची फुले बाजारात पोचवण्यासाठी कोण किती वाजता उठले? प्रवासी हे विचारत नाही, कारण तो घराच्या पुढच्या बाजूला उभा असतो.

मल्लेश्वरमची आखणी हा मुद्दा फार स्पष्ट करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वसाहत आखली गेली आणि 1898 च्या प्लेगनंतर गजबजलेल्या पेठेतून अनेक कुटुंबे येथे आली. सरळ रस्ते, आकडे दिलेले क्रॉस, दारापुढे झाडे. संपिगे रोड हे नावच मुळी सोनचाफ्याचे. पण घरांच्या दोन रांगांच्या मधून, मागच्या अंगाने, अरुंद बोळ काढलेले होते. ते सफाई कामगारांसाठी होते. मैला उचलणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये, म्हणून त्याला मागची वाट. ज्या उंबरठ्यावरच्या रांगोळीचे कौतुक प्रवासी करतो, त्या उंबरठ्याचे पावित्र्य या मागच्या वाटेवर उभे होते. ही वाटही चालरीतच आहे. फक्त ती फोटोत येत नाही.

तेव्हा प्रवासवर्णनातील चालीरीतींचे मूल्यमापन करताना ‘लेखकाने किती प्रथा नोंदवल्या’ एवढेच मोजू नका. तो घराच्या मागच्या बाजूला गेला का, हे पाहा.

तिसरा प्रश्न : किती सारखे?

आता ‘अगदी आपल्यासारखाच तिळगूळ’ हे वाक्य घ्या. जुन्या म्हैसूर भागात संक्रांतीला वाटतात ते एळ्ळु-बेल्ल : पांढरे तीळ, गुळाचे बारीक खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण. सोबत उसाचा करवा आणि साखरेच्या साच्यातली चित्रे. आपल्याकडे लाडू किंवा वडी, म्हणजे पाकात एकजीव झालेला पदार्थ. तिकडे मिश्रण, ज्यात प्रत्येक जिन्नस वेगळा राहतो. देताना म्हणतात, “एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि.” तीळगूळ खाऊन चांगले बोला. आपण म्हणतो, ‘गोड बोला’. गोड आणि चांगले हे एकच नव्हे. गोड बोलण्यात कटुता टाळण्याची विनंती आहे. चांगले बोलण्यात कदाचित कटू पण हिताचे बोलायलाही जागा आहे. या एका विशेषणावर चांगला प्रवासलेखक थांबला असता.

साम्य खोटे नाही. तीळ, गूळ, हिवाळा, बोलण्याविषयीची सदिच्छा, सगळे सामाईक आहे, आणि दोन शेजारी भाषांत ते असणारच. आक्षेप ‘सारखे’ या शब्दाला नसून ‘अगदी’ या शब्दाला आहे. साम्य दिसले की तेथून तुलना सुरू व्हावी. ‘अगदी’ म्हणताच ती संपते.

आणखी एक लहान उदाहरण. बेंगळुरूच्या उपाहारगृहात दोघे मिळून ‘बाय-टू कॉफी’ मागतात. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून येते. मुंबईकर लगेच म्हणेल, हे तर आमचे कटिंग. पण कटिंग एकट्याला मागता येते. बाय-टू मागायला सोबत कोणीतरी लागते. पेला दोन्हीकडे अर्धाच, पण एकात काटकसर आहे आणि दुसऱ्यात सोबतही आहे.

मराठी परंपरेतील तीन वाटा

हे प्रश्न बाहेरून आणून मराठी लेखनावर लादलेले नाहीत. आपल्याच परंपरेत त्यांची उत्तरे आहेत.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केला. वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी, यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला. धर्मकृत्यामागे पैसा, श्रम आणि गरज असते, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तो स्वतःच त्या व्यवहाराचा भाग आहे. त्याची मर्यादाही उघड आहे, कारण तो जग भिक्षुकाच्या जागेवरून पाहतो. पण ती जागा तो लपवत नाही.

पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ 1889 मध्ये आले. येथे नजरेची दिशाच उलटते : एक भारतीय स्त्री अमेरिकनांच्या चालीरीती तपासते. घरसंसार, शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती यांकडे ती माणसांनी घडवलेल्या आणि बदलता येण्याजोग्या व्यवस्था म्हणून पाहते. त्या देशाविषयी तिला आदर आहे, तरी तिथला वर्णभेद ती झाकत नाही.

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (1960) तिसरी वाट दाखवते. तेथे परदेशी रीतींबरोबर लेखक स्वतःच्या मराठी मध्यमवर्गीय सवयींनाही विनोदाचा विषय करतो. तुलना दोन्ही बाजूंनी होते, म्हणून ती बोचत नाही.

एक आक्षेप

तुम्ही म्हणाल, प्रवासी दोन दिवस येतो. त्याने संशोधन कसे करावे? रास्त आक्षेप आहे. पण आपली अपेक्षा संशोधनाची नाही, वाक्याच्या प्रामाणिकपणाची आहे. ‘दारोदारी रांगोळी होते’ याऐवजी ‘मी गेलो त्या सकाळी या रस्त्यावर पाच दारांत रांगोळी होती, एक बाई ती घाईने काढून पुढच्या घरी गेली’ असे लिहायला ग्रंथालय लागत नाही. थांबून पाहावे लागते, एवढेच. दुसऱ्या वाक्यात काळ आहे, कर्ता आहे आणि पाहणाऱ्याची मर्यादाही आहे.

समारोप

‘आपल्यासारखेच’ हा उद्गार प्रेमाने निघतो, म्हणून तो दुखावतो हे पटकन लक्षात येत नाही. पण मराठी आणि कानडी यांच्यातील सीमेचा वाद आजही जिवंत असताना, शेजाऱ्याच्या देवळाला, सणाला, शब्दाला ‘आपलेच’ म्हणणे निरुपद्रवी राहत नाही. शेजाऱ्याचे शेजाऱ्याकडे राहू देऊनही जवळीक साधता येते, आणि ती जास्त टिकते.

स्वाध्याय : तुमच्या आवडत्या प्रवासवर्णनातील चालीरीतींचा एक परिच्छेद निवडा. त्यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. कर्ता आणि काळ कोठे गाळला आहे ते नोंदवा. मग स्वतःच्या गल्लीतील एका प्रथेवर दहा ओळी लिहा, पण अट अशी की ती प्रथा पार पाडण्यासाठी राबणाऱ्या प्रत्येकाचा उल्लेख त्यात आला पाहिजे.