‘कोणास काही न सांगता निघून गेली’

मागच्या वेळी अर्थापत्तीचा विषय अर्धा राहिला. चिपळूणची गाडी गाठायची म्हणून काही जण उठले, मग मीही आवरतं घेतलं. आज तिथूनच पुढे जाऊ. पण आज उदाहरण पोथीतलं घेणार नाही, वर्तमानपत्रातलं घेणार आहे. विषय जरा जड आहे. बायको बेपत्ता होते, नंतर तो खुनाचा तपास ठरतो, अशा प्रकरणाचा.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी तुम्ही शेकडो वेळा वाचली असेल. अमुक गावची विवाहिता, वय अमुक, रंग गव्हाळ, अंगात अमुक रंगाची साडी, ‘राहत्या घरातून कोणास काही न सांगता निघून गेली आहे’. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि हे वाक्य चाळीस वर्षं वाचत आलो. त्यात काय चुकतंय, हे मात्र म्हातारपणी लक्षात आलं. तक्रार देणाऱ्याला काय माहीत असतं? ‘ती दिसत नाही’, एवढंच. ‘निघून गेली’ हे त्याला माहीत नसतं. निघून जाणं ही क्रिया आहे. तिला कर्ता लागतो आणि तो कर्ता जिवंत लागतो. म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच आपण लिहून ठेवलं, की ती जिवंत आहे आणि स्वतःच्या पायांनी गेली आहे. आणि ‘कोणास काही न सांगता’ म्हटलं, की थोडा दोषही तिच्याच माथी.

आता अर्थापत्ती. शबरस्वामींच्या भाष्यात देवदत्ताचं उदाहरण येतं. देवदत्त जिवंत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तो घरात नाही, हे दिसतं आहे. मग तो बाहेर कुठेतरी असला पाहिजे, नाहीतर या दोन गोष्टी जुळत नाहीत. विद्यार्थी हे पाठ करतात आणि पुढे जातात. पण सगळा डोलारा ‘जिवंत आहे’ या शब्दावर उभा आहे, बघा. तो शब्द काढा. घरात नाही, एवढंच उरतं. त्यातून ‘बाहेर आहे’ काही निघत नाही.

इथे कुमारिल आणि प्रभाकर यांचा जुना वाद आहे. कुमारिलांच्या मते इथे दोन पक्क्या ज्ञानांचा विरोध दिसतो आणि तो मिटवायला तिसरी गोष्ट मानावी लागते. प्रभाकरांचा पक्ष म्हणतो, नाही, इथे संशय शिरतो. जो नेहमी घरात असतो तो घरात नाही म्हटल्यावर तो जिवंत आहे की नाही, याचीच शंका येते, आणि ‘तो बाहेर आहे’ असं मानून आपण ती शंका शमवतो. वर्गात मी नेहमी कुमारिलांच्या बाजूने बोलायचो. या एका प्रश्नावर आता मी प्रभाकरांकडे गेलोय. माणूस दिसेनासा झाला की पोटात जे धस्स होतं ते प्रभाकरांना कळलं होतं. आणि ते धस्स होणं शमवायची आपल्याला किती घाई असते, तेही.

या घाईचा फायदा कोण घेतो, ते आता बघू.

१९५६ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. पुण्याच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे, विधवा, पैसा बाळगून असलेल्या, मधुमेहाच्या रुग्ण. त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांना रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन निघाले, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून. पहाटे बोरीबंदरला बाई बेशुद्ध. जी. टी. रुग्णालयात दाखल केलं आणि त्याच दिवशी दुपारच्या आत त्या गेल्या. रुग्णालयात नाव सांगितलं होतं ‘इंदुमती पाऊनशे’. इकडे पुण्यात ओळखीच्यांना लक्ष्मीबाईंच्या नावाची पत्रं यायला लागली, की मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलंय, राजस्थानात राठोडीला असते, माझा शोध करू नका. आणि मागे डॉक्टर त्यांचे शेअर, पैसा, चीजवस्तू ताब्यात घेत होते.

मला त्या पत्रांचं नवल नाही वाटत. खोटी पत्रं जगभर लिहिली जातात. नवल याचं, की ती चालली. एक-दोन आठवडे नव्हे, वर्षाहून जास्त. का चालली? कारण पुण्याच्या पेठेत एक पोक्त विधवा दिसेनाशी झाली, तर ‘कुणाचा हात धरून गेली’ हे ऐकायला कान आधीच टवकारलेले होते. पत्र लिहिणाऱ्याने फार कष्ट घेतले नाहीत. अर्धं पत्र वाचणाऱ्यांनीच लिहिलेलं होतं.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. तो निकाल तुम्ही मिळवून वाचा. मराठीत रहस्यकथांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण या निकालाकडे विचारांचा लेख म्हणून कुणी फारसं बघितलेलं नाही. विच्छेदनानंतरच्या रासायनिक तपासणीत विष सापडलं नव्हतं. तरी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहून फाशी कायम केली. न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळं मत दिलं. मरण विषानेच आलं हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या तर्काच्या वर्गात हा निकाल असता तर मी असा प्रश्न टाकला असता: खोटं पत्र नेमकं काय सिद्ध करतं? ‘मी सुखात आहे’ असं दुसऱ्याच्या नावाने निर्धास्त कोण लिहील? ज्याला खात्री आहे, की ती परत येऊन ‘हे माझं पत्र नाही’ म्हणणार नाही. म्हणजे पत्रावरून, लिहिणाऱ्याला मरणाची खबर होती, हे निघतं. ही शुद्ध अर्थापत्ती. पण खबर असणं म्हणजे मारणं नव्हे! लागूंना मरण माहीत होतंच, ते तिथे हजर होते. रुग्ण आजाराने मेला आणि मग डॉक्टरला लोभ सुटला, असंही घडू शकतं. न्यायमूर्ती सरकार यांच्या मताला इथे वजन आहे आणि ते मत निष्काळजीपणे बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग मी कुठल्या बाजूला? खूप विचार करून बहुमताच्या. पण पत्रांमुळे नाही. खोटं नाव दिलं ते बाई मेल्यावर नाही, श्वास चालू असताना. लोभ मरणानंतर सुटला असता तर जिवंत रुग्णाचं नाव लपवायचं कारण काय? बचाव पक्षाच्या गोष्टीत ही एक गोष्ट कुठेच बसत नाही.

आता साठ वर्षं पुढे या, आणि आपल्या बाजूला या. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याच्या. सांगलीत नेमणुकीला असताना अभय कुरुंदकर या पोलीस अधिकाऱ्याशी त्यांची ओळख झाली. पुढे दोघांच्याही बदल्या मुंबईच्या बाजूला झाल्या. ११ एप्रिल २०१६ पासून अश्विनी बिद्रे दिसेनाशा झाल्या. कुरुंदकरांना अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, २०१७ सालीच, त्यांना राष्ट्रपतींचं पोलीस पदक मिळालं. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्यांना खुनासाठी जन्मठेप दिली. पुरावा नष्ट करायला मदत केली म्हणून आणखी दोघांना शिक्षा झाली, एक आरोपी निर्दोष सुटला. मृतदेह वसईच्या खाडीत टाकला, असं तपासात पुढे आलं. शोध झाला, पण हाती काही लागलं नाही.

इथेही पत्रं आहेत, फक्त ती फोनवरची. अश्विनींच्या फोनवरून, त्या कुठेतरी गेल्यात असं भासवणारे संदेश घरच्यांना आले. त्यांत इंग्रजी ‘यू’च्या जागी ‘वाय’ हे अक्षर टाकलेलं होतं. ती लकब अश्विनींची नव्हती, कुरुंदकरांची होती. लक्ष्मीबाईंच्या वेळी देह होता आणि नाव पुसलं होतं. इथे नाव होतं, हुद्दा होता, देह नव्हता. पण दोन्हीकडे मारेकऱ्याला पुरवायचा होता तो शब्द एकच: ‘जिवंत’. तो एकदा पुरवला, की पुढची अर्थापत्ती आपण घरबसल्या करतो. जिवंत आहे, घरी नाही, म्हणजे गेली असेल कुठेतरी.

कालच एकाने मला विचारलं, सर, देहच सापडला नाही तर खून कसा म्हणायचा? लोकांना वाटतं, देह नाही म्हणजे खटला नाही. कायदा असं म्हणत नाही. १९८१ च्या रामानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की देह सापडणं ही अनिवार्य अट नाही, खून झाल्याचा पुरावा मात्र दुसऱ्या वाटेने पक्का हवा. नाहीतर देह उत्तम लपवणाऱ्याला बक्षीसच दिल्यासारखं होईल. भाट्ट मीमांसक अभावाचं ज्ञानही खरं ज्ञान मानतात, त्याला अनुपलब्धी म्हणतात. पण अट घालतात: असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. रोज फोन करणारी बाई वर्षभर एक फोन करत नाही, पगाराला हात लावत नाही, तिथे उजेड पुरेसा आहे.

आणि याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन प्रत्येक नवऱ्याकडे संशयाने बघाल. शरद बिर्धीचंद सारडा, हाही पुण्याचाच खटला. तरुण बायको गेली, नवऱ्यावर विष दिल्याचा आरोप, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी तपासायची याच्या पाच कसोट्या त्या निकालाने घालून दिल्या. आजही सत्र न्यायालयात त्यांचं नाव घेतल्याशिवाय युक्तिवाद संपत नाही. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांत फार मोठी दरी आहे. बायको दिसेनाशी झाली की पहिली नजर नवऱ्यावर जाते. पोलिसांनी तिकडे बघावंच, त्यात गैर नाही. पण अश्विनी बिद्रे यांचे पती राजू गोरे यांचं बघा. दोघं वेगळे राहत होते. ‘तुमचा काय संबंध’ म्हणून गप्प बसवता येईल अशी ती स्थिती. तो माणूस नऊ वर्षं कचेऱ्या आणि न्यायालयं झिजवत राहिला. आणि ज्या खात्याकडे दाद मागायची, आरोपी त्याच खात्यातला.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे. ज्यांना खबर असायला हवी होती त्यांना सात वर्षं काही खबर नसेल, तर ‘तो जिवंत आहे’ हे दाखवायचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. नव्या साक्ष कायद्यातही ती ठेवली आहे. सात वर्षं आपण देवदत्ताला जिवंत धरायचं, मग उलट. मीमांसकांना हे आवडलं नसतं, पण सातबारा आणि पेन्शन यांना तारीख लागते.

तारखेवरून एक सांगतो आणि थांबतो. गिरणी संपानंतरची गोष्ट, १९८३ ची असेल. तुम्हाला ठाऊक आहे, पाटण खोऱ्यात घरटी एक माणूस मुंबईला. आमच्या वाडीतल्या एका वहिनींचे मालक गिरणीत होते. संप लांबला, पैसे थांबले, मग पत्रं थांबली. गावाने ठरवून टाकलं, तिकडं दुसरी केली असंल. मी तेव्हा नवा प्राध्यापक, डॉक्टरेट मिळवलेला. वहिनी माझ्याकडे आल्या, भाऊजी, तुम्ही चांगलं लिवता, एक पत्र लिवून द्या. मी दोन पानं लिहिली. झालं गेलं विसरून जाऊ, जिथं असाल तिथून या, पोरं वाट बघतात. पत्ता चाळीचा. महिन्याने पत्र परत आलं.

मी दुसरं लिहिलं. तेही परत आलं. वहिनी कुंकू लावत राहिल्या आणि बायका पाठीमागे बोलत राहिल्या. त्या गेल्या तेव्हा माझी निवृत्ती झाली होती. तो माणूस गेला होता की त्याचं काही झालं होतं, हे आजही कुणाला माहीत नाही. त्या वर्षी मी वर्गात अर्थापत्ती शिकवत होतो. देवदत्त जिवंत आहे, तो घरात नाही. पोलिसात तक्रार द्यावी, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या बाई मघापासून हात वर करून बसल्यात, आधी त्यांना माईक द्या.