प्रश्न कोणी काढला, आणि कोणाला विचारला?

जून महिना आला की आमच्या कार्यालयात दाखल्यांसाठी रांग लागते. नोकरीच्या अर्जाला शिक्षणाचा दाखला जोडावा लागतो आणि त्यावरून माणूस 'लोकल' की 'नॉन-लोकल' हे ठरते. पहिली ते सातवी यांतली किमान चार वर्षे जिथे शिकला, तिथला तो स्थानिक, ही २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाची मुख्य रीत. अशाच एका जूनमध्ये आमचा एक जुना विद्यार्थी आला. घर आमच्या गावात, शेत आमच्या गावात, आजोबांचे नाव पट्ट्याच्या पासबुकात. पण मुलाला मराठी यावे म्हणून बापाने त्याला दुसरीतच किनवटला आत्याकडे ठेवले. आठवीला तो परत आला. मी दाखला लिहिला तो खराच लिहिला, आणि त्या खऱ्या दाखल्याने तो स्वतःच्या गावात परका ठरला. जाताना म्हणाला, "सर, मग मी कुठला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना काही कागद पुन्हा वाचले. स्वातंत्र्य, सार्वभौमत्व, प्रांतरचना या विषयांवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली, परंतु या वादांचे मूळ कागद समीक्षकाच्या नजरेने फारसे कोणी वाचले नाहीत. मी पडलो मास्तर. उत्तरपत्रिका तपासण्याआधी प्रश्नपत्रिका पाहायची, ही तीस वर्षांची सवय. तेव्हा प्रत्येक वादाला दोनच गोष्टी विचारू : प्रश्न कसा काढला, आणि तो कोणाला विचारला?

आरंभ दूरच्या उदाहरणाने करतो, कारण दूरच्या घरातले भांडण शांतपणे ऐकता येते. स्कॉटलंड १७०७ साली इंग्लंडशी एक झाले. पुन्हा वेगळे व्हावे काय, यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथे सार्वमत झाले. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याच्याशी 'तुम्ही सहमत आहात काय', असा प्रश्न तिथल्या सरकारने आधी काढला होता. निवडणूक आयोगाने तो तपासला आणि 'सहमत' हा शब्द मतदाराला होकाराकडे ढकलतो म्हणून काढायला लावला. उरला तो सरळ प्रश्न : स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा काय? उत्तर सुचवणारा प्रश्न काढू नये हे आम्ही बी.एड.ला शिकतो, एका राष्ट्राच्या भवितव्याच्या प्रश्नाला तोच नियम लावलेला पाहून मला आनंद वाटला.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. मत कोणाला? जो तिथे राहतो त्याला. सोळा वर्षांची मुले, युरोपातून आलेले कामगार, राष्ट्रकुल देशांतले म्हणजे आपल्याकडचेही रहिवासी, सगळे मतदार झाले. उलट लंडनला स्थायिक झालेला अस्सल स्कॉट मतदार नव्हता. रक्त नाही, बोली नाही, आडनाव नाही. चूल जिथे पेटते ते गाव. मतदान ८४.६ टक्के झाले. ५५.३ टक्के नको म्हणाले, ४४.७ टक्के हवे म्हणाले.

म्हणून त्या वादाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे नाही. स्वातंत्र्यवाद्यांनी साडेसहाशे पानांच्या आसपासची श्वेतपत्रिका काढली, स्वतंत्र होण्याची तारीखही छापली, पण नाणे इंग्लंडशी सामाईक राहील हे गृहीत धरले. लंडनने नकार दिला, तेव्हा पर्यायाचे पान कोरेच निघाले. विरोधकांनी भीतीवर भर दिला आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना जादा अधिकारांची वचने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आणली. पुढे २०१६ साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने गेले, स्कॉटलंडचे ६२ टक्के मतदार मात्र आत राहू म्हणत होते. वाद पुन्हा पेटला. २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लंडनच्या संमतीवाचून स्कॉटिश संसदेला असे सार्वमत घेता येत नाही. म्हणजे प्रश्न चांगला होता, पण तो विचारण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद राहिलाच.

आता घरी येऊ. १९४७ साली निजामाने सार्वभौमत्वाचा दावा केला तो गादीच्या नावाने. रयतेला कोणी विचारले नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला तो दावा संपला आणि आपण भारतात आलो. याविषयी माझ्या मनात किंतु नाही. प्रश्न आहे तो पुढचा.

फाजल अली आयोगाचा १९५५ चा अहवाल आजही वाचनीय आहे. कुंझरू आणि पणिक्कर यांच्यासारखे विद्वान त्यात होते. तेलंगणाबद्दल त्यांनी सावध शिफारस केली : हैदराबाद राज्य तूर्त वेगळे राहू द्या, १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोन-तृतीयांश बहुमताने मागितले तरच आंध्रात मिळवा. लोकांना पिकायला वेळ देणारे हे वाक्य होते. पण २० फेब्रुवारी १९५६ ला दिल्लीत पुढाऱ्यांचा करार झाला आणि १ नोव्हेंबरला विलीनीकरण झालेसुद्धा. त्यानंतरचे १९६९ चे आणि पुढचे आंदोलन हे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे व्याज होय.

त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचना कायद्याचे तिसरे कलम आपल्या घराघरांतून गेले आहे. नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कले आंध्राकडे. आदिलाबाद जिल्हा आंध्राकडे, परंतु किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल वगळून. कलमात नुसती नामे आहेत, माणूस एकही नाही. भैंशाची लेक किनवटला दिलेली, इस्लापूरचा जावई बोथला. सोयरिकी तशाच राहिल्या, तहसील बदलली. कोणाच्या दारात येऊन कोणी विचारले नाही.

विचारणे अशक्य होते काय? अकराच वर्षांनी गोव्यात विचारले. १६ जानेवारी १९६७ चा तो जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे त्याने फुलावर, केंद्रशासित राहायचे त्याने दोन पानांवर शिक्का मारायचा. निःपक्षपातीपणा राहावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आधी पायउतार झाले. १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याला, १,३८,१७० विलीनीकरणाला. आम्हा मराठी मंडळींना तो कौल जिव्हारी लागला हे कबूल करतो. पण ३४,०२१ मतांनी हरलेला वाद मिटतो. न विचारलेला वाद तीन पिढ्या धुमसतो. त्या प्रश्नपत्रिकेतही दोष होताच. 'आमचे स्वतंत्र राज्य' हा तिसरा पर्याय तिच्यात नव्हता; तो मिळायला ३० मे १९८७ उजाडले.

तेलंगण २ जून २०१४ ला झाले. स्कॉटलंडच्या सार्वमताच्या केवळ साडेतीन महिने आधी. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संबंधित विधानसभेचे मत घेतात, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. आंध्र विधानसभेने विधेयक नाकारले तरी संसदेने ते मंजूर केले. इथल्या जनतेची इच्छा होती, बलिदानेही झाली, म्हणून निकाल न्याय्य मानतो. पण रीत तीच जुनी.

कोणी म्हणेल, गुरुजी, गावोगाव कौल घेऊ लागलो तर देशाचे तुकडे पडतील. देशाच्या एकतेचा प्रश्न मी काढतच नाही; बोलतो आहे ते घरातल्या खोल्यांच्या भिंतींबद्दल. आणि स्थानिकतेचा नियम वाईट आहे असेही नाही. मागास जिल्ह्यांतल्या पोरांच्या नोकऱ्या बाहेरचे नेत, त्या दुःखातून १९१९ च्या मुलकी फर्मानापासून तो चालत आला. माझा आक्षेप एवढाच, की तो मुलाला 'तू कुठे राहतोस' असे न विचारता 'तू कुठे शिकलास' असे विचारतो. द्विभाषिक जिल्ह्यात या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असतात. १९५६ सालीच घटनेत ३५०-अ हा अनुच्छेद आला; अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे तो सांगतो. ते शिक्षण गावातच मिळाले असते तर आमच्या विद्यार्थ्याला आत्याकडे जावेच लागले नसते.

जिवती आणि केरामेरीच्या डोंगरात परमडोली, मुकदमगुडा अशी चौदा गावे आहेत. दोन्ही राज्ये त्यांना आपली म्हणत आली. दोन शाळा, दोन शिधापत्रिका, दोन मतदार-ओळखपत्रे. बाहेरचे लोक हसतात, की यांची चैन आहे. मला त्यात चैन दिसत नाही. दोन घरी बोलावलेला पाहुणा उपाशी राहतो, तसे ते आहे. त्यांना एकदा तरी सरळ प्रश्न, सरळ शब्दांत, मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत विचारावा : तुम्हाला कुठे राहायचे आहे? मग जे उत्तर येईल ते दोन्ही राजधान्यांनी मान्य करावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. दाखल्याच्या छापील नमुन्यात 'राहणार' हा रकाना असतो. त्यात मी आमच्या गावाचे नाव ठळक अक्षरात लिहिले आणि खाली सही केली. त्या रकान्याला कोणी गुण देत नाही, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही.