मोळी उचलून दिली, मग आंघोळ कशाला?

अहमदपुरात आम्ही काही पोरंपोरी रविवारी जमतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग भांडायचं. या खेपेला दोन पुस्तकं घेतली. वामनदादा कर्डकांचं ‘माझ्या जीवनाचं गाणं’ आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली मोळीची गोष्ट. मतं टोकाची पडली. ती मांडतो, अन् माझंही सांगतो.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. शिवायला कुणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे, मग घरी येऊन आंघोळ कर.

एकजण म्हणाला, "त्या काळात एवढं केलं हेच लई झालं."

कॉलेजात शिकणारी एक पोरगी उसळली, "आंघोळ कशाची? लाकडं तर रानातली होती. अन् म्हातारीला नाव का नाही?"

‘त्या काळात’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे. गोष्टीतला काळ जुना, हे कबूल. पण पुस्तक लिहिलं गेलं १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन आपल्या माणसांनी उत्तर दिलं होतं, त्याला सहा वर्षं झाली होती. आणि गोष्ट घडते ती त्याच कोकणात. तरीही आंघोळीबद्दल आईला प्रश्न पडत नाही. मोळी उचलताना माणुसकी, आंघोळ करताना विटाळ. दोन्ही एकाच घरात सुखानं नांदतात.

गुरुजींवर दगड मारायचा नाही. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. ते खरं आहे. पण लेखकाचा मोठेपणा गोष्टीचा दोष झाकत नाही. या गोष्टीत शिकतो तो श्याम. म्हातारी फक्त त्याचा धडा होते.

आता वामनदादा. इथं सगळ्यांनी मान डोलावली. एक बुजुर्ग म्हणाले, "शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण काय गाणं! देणगीच की ती."

मला हे मत मोळीच्या गोष्टीइतकंच खटकलं.

देणगी कुणी दिली? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेलं हे लेकरू. मुंबईत पडेल ते काम केलं. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत कुणीतरी पत्र वाचायला पुढं केलं, तेव्हा आपल्याला वाचता येत नाही याची लाज काळजात घुसली. देहलवी मास्तरांकडून अक्षरं गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं. पुढं २००४ पर्यंत, मरेपर्यंत, गावोगाव गात फिरले. ह्याला देणगी म्हणायचं? ही मेहनत आहे! देणगी म्हणलं की पाटी हातात का मिळाली नाही हे कुणाला विचारायलाच नको.

दया आणि चमत्कार या सख्ख्या बहिणी. एक आपल्याला कीव घेणारा करते, दुसरी आपले कष्ट पुसते.

आणि आपलंही माप पदरात घेऊ. १४ एप्रिलला रात्रभर दादांची गाणी वाजतात. नाचणाऱ्या किती पोरांना ते लिहिणाऱ्याचं नाव सांगता येतं? ज्या म्हातारीला नाव नाही म्हणून आपण चिडलो, तेच आपण दादांचं करतो आहोत.

म्हणून दोन्ही पुस्तकं वाचावीत. दादांचं पोरांना मोठ्यानं वाचून दाखवावं, पाट्यांपाशी थांबावं. मोळीची गोष्टही लपवू नये. वाचावी, अन् विचारावं — म्हातारी घरी गेल्यावर आपल्या नातवाला काय म्हणाली असेल?

पुढच्या रविवारी बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली मसूर स्टेशनची हकीकत घेणार आहोत. १९०१ साल, बैलगाडीतली लेकरं, अन् रात्रभर पाणी नाही. तिथं शिकवायला कुणाची आई नाही. ज्याच्या नशिबी तहान आली ते पोरच बोलतं.