टक्का मोजावा की मात्रा?

अमेरिकेच्या संसदेने २०१८ साली केलेल्या शेतीविषयक कायद्यात 'हेम्प'ची एक व्याख्या दिली आहे. भांगेच्या झाडात डेल्टा-९ टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नसेल, तर ते झाड हेम्प ठरते व अमली पदार्थांच्या यादीतून वगळले जाते. (आपल्या कोशांत हेम्पसाठी ताग, अंबाडी हे शब्दही आढळतात. त्या वनस्पती निराळ्या. येथे गांजा-भांगेचीच जात अभिप्रेत आहे.) धागा, बी व तेल यांसाठी शेतकऱ्यांना हे पीक घेता यावे, हा हेतू योग्यच होता. परंतु ही सूट झाडापासून काढलेल्या अर्कांनाही मिळाली आणि ग्राहकाच्या वयाची अट मात्र देशपातळीवर घातली गेली नाही. काही वर्षांतच नशा आणणाऱ्या जेलीच्या गोळ्या, चॉकलेटे व पेये पेट्रोल पंपांवरील दुकानांतही मिळू लागली.

या प्रश्नावर वयाच्या अटीची चर्चा पुष्कळ झाली. ती अट हवीच. पण आमच्या मते मूळ दोष मोजमापाचा आहे.

०.३ टक्के हा आकडा आला कोठून? अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ साली भांगेचे वर्गीकरण करताना, पानांतील टीएचसीच्या प्रमाणावरून धाग्याची झाडे व नशेची झाडे यांच्यामध्ये सोयीसाठी एक रेषा आखली. झाड ओळखण्यासाठी आखलेली ही रेषा पुढे खाऊला लावली गेली.

आता साधे गणित करू. १ ग्रॅमचे ०.३ टक्के म्हणजे ३ मिलिग्रॅम. मग ४ ग्रॅमच्या जेलीच्या गोळीत १२ मिलिग्रॅम टीएचसी 'कायदेशीर' ठरते आणि ५० ग्रॅमच्या चॉकलेटमध्ये १५० मिलिग्रॅम. मिनेसोटा राज्याने २०२२ साली २१ वर्षांवरील ग्राहकांसाठी असे पदार्थ खुले केले, तेव्हा एका वेळच्या मात्रेची मर्यादा ५ मिलिग्रॅम ठेवली होती. त्या हिशेबाने टक्केवारीत बसणाऱ्या एका चॉकलेटमध्ये प्रौढांच्या तीस मात्रा मावतात! त्यातच १२ किलो वजनाच्या मुलाला प्रौढाची एक मात्रा दिली, तर दर किलोमागे ती ६० किलोच्या माणसाच्या पाचपट पडते. शिवाय खाल्लेल्या टीएचसीचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तोवर मूल पाकीट संपवून मोकळे होते.

चहात साखर किती टक्के आहे यावरून पोटात किती साखर गेली ते कळत नाही. कप केवढा आणि कप किती, हेही विचारावे लागते. कायद्याने नेमके तेच विचारले नाही.

दुसरी पळवाट रसायनशास्त्राची. हेम्पमधील सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्यावर आम्लाची क्रिया केली की डेल्टा-८ टीएचसी मिळवता येते. हा डेल्टा-९ चा समघटक. अणू तेच व तितकेच, केवळ एका दुहेरी बंधाची जागा वेगळी. नशा मात्र यानेही येते. कायद्यात मोजायचे होते डेल्टा-९!

परिणाम मुलांवर दिसला. सर्व प्रकारचे भांगयुक्त खाद्यपदार्थ धरले, तर सहा वर्षांखालील मुलांनी ते खाल्ल्याच्या नोंदी तेथील विषबाधा केंद्रांकडे २०१७ साली २०७ होत्या. २०२१ साली त्या ३,०५४ झाल्या. मुलांच्या ओळखीच्या खाऊसारखी पाकिटे विकणाऱ्या काही कंपन्यांना सरकारी यंत्रणांनी २०२३ साली ताकीदपत्रे पाठवली. दुकानातील वयाची अट पंधरा वर्षांच्या मुलाला अडवू शकेल. घरातील खणातून पाकीट काढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला नाही. त्याला वाचवते ती पाकिटातील एकूण मात्रा, आणि सहज न उघडणारे पाकीट.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने व्याख्या बदलली. सर्व प्रकारचे टीएचसी एकत्र मोजावे आणि ग्राहकाला विकायच्या एका पाकिटात ते ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे ठरले. अंमलासाठी एक वर्षाची मुदत दिली गेली. ही मर्यादा प्रौढांसाठी फार कडक आहे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. पण एकक आता योग्य आहे, आणि यास सात वर्षे लागली.

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, ती किलोमागे ५ मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घालून. ०.३ टक्के म्हणजे किलोमागे किती मिलिग्रॅम, आणि या मर्यादेच्या किती पट, हे गणित शिक्षकांनी वर्गात जरूर घालावे. उत्तर सहाशे पट येईल. लहान दिसणाऱ्या टक्क्याला 'कशाचा?' आणि 'एकूण किती?' हे दोन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर उद्या कायदे करताना आणि पाकिटे विकत घेताना ती उपयोगी पडेल.