‘कमला’ला नापास करणारे फंक्शन

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तराने संगणकाच्या भाषेत नाक का खुपसावे, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. त्याचे असे आहे, की कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेत काही फंक्शने तयारच मिळतात. लांबी मोजणारे, आकडा ओळखणारे, दोन गोष्टी सारख्या आहेत का ते सांगणारे. त्यांना बिल्ट-इन म्हणतात. आता ‘हे अक्षर आहे का’ हे सांगणाऱ्याला आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवावेच लागते. म्हणजे तिथे एक व्याख्या दडलेली असते, आणि व्याख्या तपासणे हा आमचा जुना धंदा.

आपल्या गावाचेच नाव घेऊ. ‘नाकाडोंगरी’ किती अक्षरांचे? पहिलीतले पोर बोटांवर मोजेल: ना, का, डों, ग, री. पाच. पायथनमधल्या ‘लेन’ला विचारा, ते म्हणते दहा. पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ तीस म्हणते. स्विफ्ट मात्र आपल्या पोरासारखे पाच सांगते. खोटे कोणीच बोलत नाही बरं का. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, अनुस्वार यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. पायथन ते क्रमांक मोजते. यूटीएफ-८ मध्ये त्यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, पीएचपी ते बाइट मोजते. आणि ही मांडणी काही परक्यांनी लादलेली नाही. युनिकोडची देवनागरी आपल्याच १९८८ च्या ‘इस्की’ प्रमाणावरून घेतली आहे. ‘लेन’ला मी माफ करतो. लांबी सांगतो म्हणाले, कशाची ते सांगितले नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

‘इजअल्फा’ला माफी नाही. दिलेल्या मजकुरात सगळी मुळाक्षरेच आहेत ना, हे ते सांगते, असे त्याच्या नावावरून वाटते. ‘कमल’ द्या, हो म्हणते. ‘कमला’ द्या, नाही म्हणते! एका कान्याने मुलगी नापास. कारण काना हा युनिकोडच्या ‘लेटर’ या वर्गात नाही, ‘मार्क’ या वर्गात आहे.

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हटले की पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. तिसरा असंभव, तो आज सोडून देऊ. ‘इजअल्फा’त अव्याप्ती आहे. आणि अतिव्याप्ती हवी असेल तर शेजारचे ‘इजडिजिट’ बघा. वर्गाचे चिन्ह म्हणून डोक्यावर लिहितो तो छोटा दोन, त्यालाही ते अंक म्हणते. पण तोच ‘इंट’कडे नेला तर ‘इंट’ त्याला संख्या मानायला साफ नकार देते. एकाच घरातली दोन माणसे, दोन उत्तरे. (‘इंट’चे कौतुकही केले पाहिजे: देवनागरीतले १२३ ते बिनतक्रार वाचते. जावास्क्रिप्टच्या ‘पार्सइंट’ला ते जमत नाही.)

बचाव असा करतात की पायथनच्या दस्तऐवजात हे लिहून ठेवले आहे. आहे खरे. आमचे ‘अल्फाबेटिक’ आणि युनिकोडचे ‘अल्फाबेटिक’ वेगळे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पण जी नावे रोज हाताखालून जातात त्यांची तळटीप कोण वाचतो? जावाने दोन अर्थांना दोन नावे दिली, ‘इजलेटर’ आणि ‘इजअल्फाबेटिक’. दुसऱ्यात काना उत्तीर्ण होतो. हलन्त मात्र तिथेही अडतो, म्हणजे ‘विद्या’ दोन्हीकडे अडाणीच. आणि गंमत म्हणजे, पायथनमध्येच ‘कमला’ हे व्हेरिएबलचे नाव म्हणून चालते. नाव म्हणून चालते, पण अक्षरांचे बनलेले नाही!

इथे बसलेल्या मुलामुलींपैकी कोणीतरी उद्या शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म तपासणारा प्रोग्रॅम लिहील. ‘नावात फक्त अक्षरे हवीत’ अशी अट ‘इजअल्फा’ने घालील. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर सगळे सुरळीत दिसेल. मग नोंदणीच्या दिवशी कमल आत आणि कमला, किशोर, विद्या बाहेर. शब्द वेगळे काढायला पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली नेहमीची खूण वापरली, तर ‘किशोर’चे क, श, र असे तीन तुकडे हातात येतात. चूक मुलांच्या नावात आहे, असेच खिडकीपलीकडच्या माणसाला वाटणार.

आता सारखेपणा. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा र लिहून त्याखाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ. पायथनचे ‘बरोबर का’ हे चिन्ह सांगते, नाही. मला इथे यंत्राचीच बाजू घ्यावीशी वाटते. ज्यांच्यात कसलाच भेद नाही त्या दोन वस्तू नव्हेतच, एकच, असे लाइबनित्स म्हणतो. इथे भेद आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. तुलना करता करता यंत्राने आपल्याला न विचारता स्पेलिंग बदलले असते, तर ते मला अधिक घातक वाटले असते. त्यासाठी ‘नॉर्मलाइझ’ हे वेगळे फंक्शन आहे, ते मागवून घ्यावे लागते आणि ते या दोघांना एक करते. पण वऱ्हाडातला हा र लिहायची तिसरी रीतही आहे: साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. जालावरच्या मराठी मजकुरात ती भरपूर सापडते. तिला ‘नॉर्मलाइझ’ही पहिल्या दोघांत मिसळत नाही. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावांच्या दोन याद्या जुळवायच्या असतील तर हा भेद आपण स्वतः मिटवावा लागतो; कुठले बिल्ट-इन मदतीला येत नाही.

‘सॉर्टेड’चे थोडक्यात सांगतो. ते ‘काळ’ला ‘कावड’च्या आधी बसवते, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. घरी गेल्यावर आपापल्या आडनावांवर हे करून बघा. आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.