परक्या शिपायाची कैद : जपानी युद्धसाहित्यातील एक सूत्र

मराठी वाचकाला तुरुंगातील साहित्य अपरिचित नाही. ‘माझी जन्मठेप’ आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेलेली ‘श्यामची आई’ आहे. परंतु या लेखनातील बंदिवान हा राजबंदी आहे. त्याने काही मानले आहे, त्यासाठी काही केले आहे, आणि शिक्षा हा त्या कृतीचाच पुढला भाग असल्याने कोठडीतही त्याच्यापाशी एक अर्थ शिल्लक राहतो. युद्धात शत्रूच्या हाती लागलेल्या शिपायाची गोष्ट निराळी. त्याच्यावर आरोप नाही, खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. अंगावरचा गणवेश एवढाच त्याचा अपराध, आणि तोही त्याने बहुधा स्वतः निवडलेला नसतो. अशा माणसाला परक्या भूमीत कसे वागविले जाते, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी साहित्याने ज्या चिकाटीने हाताळला, तसा फार थोड्या साहित्यांनी हाताळला असेल.

त्याला कारणही होते. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनीव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मान्यता कधीच दिली नाही. जानेवारी १९४१ मध्ये तोजो युद्धमंत्री असताना निघालेल्या सैनिकी आचारसंहितेने तर जिवंतपणी कैदी होण्याची लाज पत्करू नये असे शिपायांना बजावले. ज्या सैन्याला आपला कैदी ही कल्पनाच अमान्य होती, त्याने शत्रूच्या कैद्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल ते सांगावयास नको. या साहित्याविषयी लिहिताना ‘मानवतावाद’ हा शब्द टीकाकारांच्या लेखणीतून फार सहज उतरतो. कैद्याला मारले तर क्रौर्य, खाऊपिऊ घातले तर माणुसकी, असा सोपा ताळेबंद त्यामागे असतो. प्रस्तुत साहित्यकृती हा ताळेबंद मोडून काढतात. त्यांचे महत्त्व त्यातच आहे.

शोहेई ओओका (१९०९–१९८८) हा फ्रेंच साहित्याचा, विशेषतः स्तांदालचा अभ्यासक. १९४४ साली, वयाच्या पस्तिशीत, त्याला सैन्यात ओढून फिलिपीन्समधील मिन्दोरो बेटावर पाठविण्यात आले. जानेवारी १९४५ मध्ये हिवतापाने जर्जर झालेला, तुकडीपासून तुटलेला असा तो अमेरिकनांच्या हाती लागला आणि लेते बेटावरील छावणीत वर्षअखेरपर्यंत राहिला. १९४८ पासून प्रसिद्ध होत गेलेले आणि १९५२ साली एकत्र आलेले ‘फुर्योकी’ हे त्या कैदेचे वृत्त आहे. पकडला जाण्यापूर्वी एक तरुण अमेरिकन शिपाई त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात येतो आणि तो गोळी झाडीत नाही, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे भूतदयेचा झरा वाहू दिला असता. ओओका मात्र त्या एका क्षणाची पानेच्या पाने उलटतपासणी करतो. ती करुणा होती की वात्सल्य, की ज्याला आता मरावयाचेच आहे त्याची उदासीनता, असे एकेक कारण तो पुढे मांडतो आणि त्याची लबाडी तपासून बाजूला ठेवतो. स्वतःच्या सत्कृत्याविषयी इतका संशय बाळगणारा लेखक विरळा.

छावणीत त्याला औषध मिळते, पोटभर अन्न मिळते, वाचावयास पुस्तके मिळतात. जी अवस्था मरणाहून वाईट म्हणून शिकविली गेली होती, तिच्यात माणसे चक्क लठ्ठ होऊ लागतात. मग हळूहळू पत्ते येतात, चोरून गाळलेली दारू येते, पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन केलेली नाटके येतात, रखवालदारांची खुशामत येते. मारहाणीने जे झाले नसते ते सुखवस्तूपणाने होते. आपला हेतू छावणीच्या मिषाने परकीयांच्या ताब्यातील जपानी समाजाचा उपहास करण्याचा होता, असे ओओकाने स्वतःच नमूद केले आहे. आणि ग्रंथारंभी त्याने डेफोचे जे वचन घेतले, तेच काम्यूनेही ‘प्लेग’च्या आरंभी योजले होते. तथापि हा ग्रंथ केवळ उपहास म्हणून वाचला तर त्यातील दाह निसटतो. जपानने शरणागतीची तयारी दाखविल्याची बातमी छावणीला १० ऑगस्टलाच कळते. प्रत्यक्ष शरणागती जाहीर होते १५ तारखेला. सम्राटाचे स्थान शाबूत राहावे म्हणून जी घासाघीस झाली, त्या दिवसांत मेलेल्यांचा हिशेब कैदी ओओका मांडतो, आणि शत्रूच्या कुंपणाआड बसून त्याचा संताप स्वदेशाच्या राज्यकर्त्यांवर वळतो. हे स्वातंत्र्य त्याला कैदेनेच दिले, ही त्यातली विपरीतता.

केन्झाबुरो ओए (१९३५–२०२३) याची ‘शिइकू’ ही दीर्घकथा १९५८ ची. तीस आकुतागावा पारितोषिक मिळाले तेव्हा लेखक अवघा तेवीस वर्षांचा होता. डोंगरातल्या एका खेड्यापाशी शत्रूचे विमान कोसळते. वाचलेला काळा अमेरिकन वैमानिक गावकरी पकडून आणतात आणि वरून हुकूम येईपर्यंत एका कोठाराच्या तळघरात ठेवतात. येथे तुरुंग नाही, पहारा नाही, नियम नाहीत. आहे तो फक्त रानडुकराचा सापळा, त्याची साखळी कैद्याच्या पायांत. कथा सांगणारा मुलगा त्याच कोठाराच्या माडीवर बाप व धाकट्या भावासह राहतो आणि कैद्याला अन्न व बकरीचे दूध नेऊन देतो. दिवस जातात, भीती ओसरते, साखळी निघते. कैदी मोडका सापळा दुरुस्त करतो, गावाशी संबंध ठेवणाऱ्या लंगड्या कारकुनाचा कृत्रिम पाय दुरुस्त करतो. मुले त्याला झऱ्यावर पोहावयास नेतात.

या कथेला बाल्याच्या निरागसतेचे काव्य म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण लेखकाने दिलेले शीर्षकच या वाचनाच्या आड येते. इंग्रजीत तिचे नाव एकाने शिकारीवरून ठेवले, दुसऱ्याने गुरांच्या बाजारावरून. मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद मूल, जनावर आणि वचन या तिघांनाही चालते. मूळ जपानी शब्दाला ही मुभा नाही. तो जनावराच्या पाळणुकीचाच शब्द आहे. अर्थात मराठी अनुवादकाने ‘संगोपन’ लिहिले तर कथा पहिल्या ओळीआधीच खोटी पडेल. झऱ्यावरचा तो उत्सव कितीही उजळ असला तरी तो पाळीव जनावराला पाण्यावर नेण्याचा उत्सव आहे. मुलांचे प्रेम खरे आहे, पण ते माणसावरचे नव्हे. म्हणूनच कैद्याला अन्यत्र नेण्याचा हुकूम येतो आणि तो भयाने मुलालाच ओलीस धरून तळघर बंद करून घेतो, तेव्हा मुलाला बसणारा धक्का विश्वासघाताचा असतो; जणू जनावराने दावे तोडले. बापाची कुऱ्हाड मुलाचा हात आणि कैद्याची कवटी एकाच घावात चिरडते. बाप येथे मुलाला सोडवतो की मुलासकट मारावयास निघतो, हे मुलाला कळत नाही, आणि त्या न कळण्यातच त्याचे बालपण संपते.

या कथेविषयी एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. कैद्याच्या काळ्या देहाचे वर्णन पशूच्या उपमांनी इतके भारलेले आहे की ती दृष्टी मुलाची संपून लेखकाची कोठे सुरू होते ते सांगणे अवघड व्हावे. निवेदक मूल आहे हे समर्थन अर्धेच पुरते. मुलाला जे दिसत नाही ते दिसावे अशी एखादी फट कुशल लेखक ठेवतो. ओएने ती ठेवली आहे, पण फार अरुंद. सापळा आणि पाय दुरुस्त करणारे ते हात एवढीच. त्या हातांत एक कसब आहे, म्हणजे मागे कोठेतरी एक आयुष्य आहे, हे मुलाला न उमगताही वाचकाला उमगते.

शूसाकू एन्दोच्या ‘समुद्र आणि विष’ या कादंबरीत (१९५८) तेवढेही नाही. १९४५ साली क्यूशू विद्यापीठात अमेरिकन वैमानिकांवर जिवंतपणी शस्त्रक्रिया करण्यात आल्या. १९४८ साली योकोहामा येथे त्याचा खटला चालला. एन्दोला रस आहे तो भिंतीशी उभा राहून पाहणाऱ्या सुगुरो या तरुण डॉक्टरच्या सदसद्विवेकात, किंवा तिच्या अभावात. तपासणीच आहे या समजुतीने टेबलावर निजणारा कैदी त्या विवेकपरीक्षेचे निमित्त होऊन राहतो. कादंबरी थोर आहे, पण तिच्यातही त्या माणसाचा वापरच झाला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

जपानच्या भूमीवरील परका कैदी या साहित्यात असा मुका आहे. परक्यांच्या ताब्यातला जपानी कैदी मात्र भरभरून बोलतो. यूजी आइदा या इतिहासकाराचे १९६२ मधील रंगूनच्या छावणीचे आत्मकथन या दुसऱ्या प्रकारातले. ब्रिटिशांनी या लोकांना युद्धकैदी न म्हणता ‘शरणागत’ असा दर्जा दिला आणि कराराची बंधने टाळली. आइदाला तेथे कोणी छळले नाही. तो खोली झाडावयास शिरला असता एक इंग्रज स्त्री विवस्त्र अवस्थेत केस विंचरीत उभी राहते, दचकत नाही, वस्त्र ओढीत नाही, कारण तिच्या लेखी खोलीत कोणी माणूस आलेलाच नसतो. आइदाचा राग एकांगी आहे, कित्येकदा तो साऱ्या युरोपीय संस्कृतीवर निवाडा देऊ पाहतो, आणि आपल्या सैन्याच्या कैद्यांचे काय झाले हे त्या भरात मागे पडते. तरीही त्या एका प्रसंगाची सत्यता ढळत नाही. वसाहतीत राहिलेल्या कोणाही भारतीयाला ती नजर ओळखू येईल.

चित्रपटकार नागिसा ओशिमा याने १९६१ साली ‘शिइकू’ पडद्यावर आणली तेव्हा मुलांना बाजूस सारून गावातील प्रौढांची भांडणे पुढे घेतली. गावाचे प्रत्येक पाप कैद्याच्या माथी मारले जाते. बावीस वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याने हाच विषय पुन्हा घेतला, पण या वेळी आधार होता जावामध्ये जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट याच्या कथांचा. म्हणजे मुका कैदी बोलू लागला, तो परक्या भाषेतल्या लेखणीतून. त्या कथेत छावणीचा क्रूर अंमलदार हारा युद्धानंतर स्वतः कैदी होतो, आणि फाशीच्या आदल्या रात्री त्याला भेटावयास येतो तो त्याचाच एके काळचा बंदिवान.