पडद्यावर न आलेल्या बाई

'तारे जमीन पर'मध्ये ईशान अवस्थी वाचायला शिकतो, तो भाग किती मिनिटांचा आहे हे कधी मोजलंय? पुन्हा बघा. निकुंभ सर त्याला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीची अक्षरं करायला देतात, पायऱ्यांवर चढ-उतर करून बेरीज-वजाबाकी शिकवतात. सगळं पद्धतीला धरून. पण संगीत वाजत राहतं, दृश्यं सरकत राहतात आणि काही मिनिटांत मुलगा वाचू लागतो. अडीच तासांहून मोठ्या सिनेमात ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप, तिच्याच वाट्याला सगळ्यात कमी वेळ.

माझा या सिनेमावर राग नाही. २००७ साली तो आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द घराघरांत पोचला. तेव्हा लागू असलेल्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हतीच. ती आली २०१६च्या कायद्यात, जिथे प्रकार एकवीस झाले. म्हणजे सिनेमा कायद्याच्या नऊ वर्षं पुढे होता. माझी तक्रार आहे ती त्याने पाडलेल्या साच्याबद्दल.

साचा असा : मूल कुढतंय, घरच्यांना कळत नाही, बाहेरून एक माणूस येतो, त्याला ते दिसतं, आणि शेवटी बक्षीस. ईशानला चित्रकलेच्या स्पर्धेचं. 'यलो' (२०१४) या मराठी सिनेमात पोहण्याच्या पदकांचं. त्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली, हे मोठं काम होतं. पण ही गोष्ट सांगण्याजोगी ठरली ती पदकामुळे, हेही खरं. २०२५च्या 'सितारे जमीन पर'मध्ये दहा न्यूरोडायव्हर्जंट कलाकार आहेत, तरी गोष्ट कोर्टाच्या हुकमाने तिथे आलेल्या बास्केटबॉल कोचची आहे. ते केंद्र रोज चालवणारे करतार पाजी सगळं आधीपासून जाणून असतात, पण ते बाजूला. निकुंभ सरही मूळचे एका विशेष शाळेतले, आणि त्या शाळेत रोज शिकवणाऱ्या बाकीच्या माणसांची गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही.

रत्नागिरीत बसून हे सिनेमे बघताना मला ही उणीव जास्त टोचते. इथे 'आविष्कार' संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही बौद्धिक अक्षम मुलांची शाळा आहे आणि मोठ्या झालेल्या मुलांनी हाताने काम शिकावं म्हणून शामराव भिडे कार्यशाळा आहे. शहराबाहेर जिल्हा परिषदेच्या शाळांत, समावेशित शिक्षणाच्या योजनेतले विशेष शिक्षक या शाळेतून त्या शाळेत फिरतात. कोकणात असं फिरणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. एक वाडी डोंगरावर, दुसरी खाडीपलीकडे, एसटी चुकली की अर्धा दिवस गेला, आणि जूनपासून पाखाडीवर शेवाळ.

तिथे पोचून बाई करतात काय? समजा शर्टाचं बटण लावायला शिकवायचंय. आपल्याला ती एक कृती वाटते. बाई तिचे तुकडे करतात : काज धरणं, बटण चिमटीत घेणं, कड आत सरकवणं, पलीकडून ओढणं. बऱ्याचदा शिकवतात शेवटच्या तुकड्यापासून. आधीचं सगळं बाई करून देतात आणि फक्त ओढायचं मुलाने. म्हणजे 'बटण लागलं' हा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा. मग एकेक तुकडा मागे मागे. प्रत्येक मुलाचा वेगळा शैक्षणिक आराखडा, त्यात आज मदत किती लागली याची नोंद. मे महिन्याच्या सुट्टीनंतर काही मुलं दोन पायऱ्या मागे येतात. बाई पुन्हा तिथून सुरुवात करतात.

याचा सिनेमा कसा करणार, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, आपल्या रंगभूमीने हे अवघड काम एकदा केलंय. जयवंत दळवींचं 'नातीगोती' आठवा. दळवी आरवलीचे, आणि ते गाव १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. बौद्धिक अक्षम मुलाच्या आईवडिलांचा रोजचा थकवा त्यांनी नाटकाच्या मधोमध ठेवला. अतुल परचुरेंचा बच्चू कुठलंही बक्षीस मिळवत नाही, तरी प्रेक्षक खुर्चीतून हलला नाही. म्हणजे रोज तेच ते घडण्यातही नाट्य असतं. फक्त दळवींची नजर घरावर होती. शाळेवर अशी नजर टाकणारं मराठी नाटक माझ्या बघण्यात नाही.

हा प्रश्न नुसता कलेचा असता तर मी एवढं ताणलं नसतं. ज्या कामाची गोष्ट नाही, ते काम कागदावरही हंगामी राहतं. राज्यातले हे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर होते. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण सांगितलं : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर ४,८६० पदं मंजूर केली ती २०२४मध्ये. एका केंद्राखाली अनेक शाळा असतात, त्यामुळे फिरणं काही संपत नाही. पण लोकांच्या डोक्यात निकुंभ सर पक्के बसलेत : चांगला शिक्षक मनानेच येतो, जादू करतो. जादूगाराला पगारश्रेणी आणि प्रवासभत्ता लागतो, हे मग सुचतच नाही.

आईवडिलांचंही तसंच. मुलात कुठलीतरी 'खास' कला लपलेली असणारच, हे ओझं या सिनेमांनी त्यांच्यावर टाकलं. कला नसली तर? साधं, कुठेही पहिलं न येणारं मूल असलं तर त्याच्यासाठी कुणी डोंगर चढावा की नाही? माझ्या मते उत्तर 'हो' आहे, आणि बाई ते रोज पायांनी देतात.

रील्समध्ये हाच साचा तीस सेकंदांवर आलाय : आधी, नंतर, टाळ्या. तुमच्यापैकी कुणी शॉर्ट फिल्म करत असेल, एकांकिका लिहीत असेल, तर एक मागणं आहे. मधला भाग करा. मंगळवार, तेच बटण. बुधवार, तेच बटण. संगीत नको.